पळायचे नाही, हे शिकवताना

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले असतील. पहिलीतली आमची धाकटी घरी आली ती दप्तरही न उतरवता सांगू लागली, की आज शाळेत भूकंप झाला आणि त्यात त्यांच्या वर्गाचा पहिला नंबर आला. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. शाळेत आपत्तीचा सराव घेतला होता, लांब घंटा वाजली होती, सगळे वर्ग रांगेने जिना उतरून मैदानात गेले होते आणि कोणता वर्ग किती वेळात खाली पोहोचला, हे बाईंनी घड्याळ लावून पाहिले होते. "मग खरा भूकंप आला तर काय करायचं?" असे मी विचारले, तेव्हा क्षणाचाही विचार न करता तिने उत्तर दिले, "पळायचं!"

सराव घेणारी शाळा ही न घेणाऱ्या शाळेपेक्षा केव्हाही चांगली, त्यामुळे मला तक्रार करायची नाही. परंतु मुलांनी त्या दिवशी केला तो आगीचा सराव होता आणि त्याला नाव भूकंपाचे दिले गेले होते. आग लागली की इमारतीतून जितक्या लवकर बाहेर पडावे तितके बरे, हे खरे आहे. भूकंपात मात्र जमीन हलत असतानाच धावू लागणारा माणूस पहिल्या चार पावलांतच पडतो, जिन्यात चेंगरतो, किंवा दाराबाहेर पाऊल टाकतो आणि नेमक्या त्याच जागी वरून कठड्याच्या विटा, खिडकीच्या काचा आणि कुंड्या कोसळत असतात. हादरे बहुतेक वेळा काही सेकंदांचे, फार तर मिनिटभराचे असतात. तेवढा वेळ आहे तिथेच डोके वाचवून बसायचे आणि जमीन थांबल्यावर शिस्तीने बाहेर पडायचे, असा त्याचा क्रम आहे. रांगेने मैदानात जाणे हा त्या धड्याचा उत्तरार्ध झाला. पूर्वार्ध शिकवायचा राहूनच गेला होता आणि तो घरी शिकवावा, असे मी त्या संध्याकाळी ठरवले.

ठरवणे सोपे होते, कारण कोल्हापुरातल्या घराला आपत्ती नवी नाही. आमच्या थोरल्याला पाढे यायच्या आधीपासून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नातेवाइकांचे सामान वरच्या मजल्यावर चढवायला तोही एक-एक डबा घेऊन जिना चढला होता. पण पुराने आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे, ती म्हणजे आधी कळण्याची. राधानगरीचे दरवाजे उघडले, पाणी अमुक फुटांवर आले, अमुक रस्ता बंद झाला, असे टप्प्याटप्प्याने कळत जाते आणि आपण त्या हिशेबाने हालचाल करतो. भूकंपाला फूटपट्टी नाही. म्हणून पुराच्या बाबतीत शहाणी असलेली आमच्यासारखी घरेच भूकंपाच्या बाबतीत बेसावध राहतात, असे मला वाटते. कपाटे भिंतीला जखडून घेण्यासाठी आम्ही सुताराला बोलावले, तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच केला होता, "वहिनी, कोल्हापुरात कुठला आलाय भूकंप? इथं येतोय तो पूर!"

त्याला मी कोयनेचे अंतर सांगितले. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे आणि वारणेचा जलाशय तर त्याहून जवळ, आपल्याच जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. बरीच वर्षे वापरात असलेल्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात कोयनेचा परिसर चौथ्या आणि कोल्हापूर तिसऱ्या क्षेत्रात दाखवलेले असे. कोयना धरणात १९६२ साली पाणी साठू लागल्यापासून त्या पट्ट्यात पाच रिश्टरहून मोठे वीसपेक्षा अधिक भूकंप झाले आहेत आणि लहान हादऱ्यांची तर गणतीच नाही. त्यांतला सर्वांत मोठा ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. त्यात सुमारे १८० माणसे गेली आणि कोयनानगरची घरे जमीनदोस्त झाली. सुताराने हे सगळे ऐकून घेतले आणि मग भिंतीत चार भोके जास्त पाडली, एवढे खरे.

त्या पहाटेच्या वेळेपाशी मी बराच काळ अडखळले. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी भर दुपारी बारा वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला खरा, पण तो शनिवार होता, तिथल्या शाळांना सुट्टी होती आणि म्हणून कोसळलेल्या हजारो वर्गखोल्या रिकाम्या होत्या. याचा अर्थ उघड आहे. मूल वर्षातले जेवढे तास शाळेच्या बाकावर असते, त्याहून कितीतरी जास्त तास ते घरात असते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अंथरुणात असते. महाराष्ट्राला आठवणारे दोन्ही मोठे भूकंप अंधारात, झोपेत आलेले आहेत. असे असताना मुलांना शिकवले जाते ते फक्त दिवसाउजेडी, घंटा वाजल्यावर, बाईंच्या देखरेखीखाली काय करायचे, एवढेच.

पण मुलांना कृती शिकवण्याआधी कारण सांगावे लागते, नाहीतर ती कृती त्यांच्या लेखी नुसता खेळ राहते. धाकटीला तिच्या आज्जीने शेषनागाची गोष्ट आधीच सांगितलेली होती, की पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे आणि तो फणा बदलतो तेव्हा जमीन हलते. मी ती खोडली नाही. फक्त ओट्यावर एक पेला उपडा ठेवला आणि तिला तो ढकलायला सांगितले. मग ओट्यावर थोडे पाणी ओतले आणि पुन्हा ढकलायला सांगितले. कोरड्या ओट्यावर अडखळणारा पेला ओल्या ओट्यावर सर्रकन सरकला. कोयनेच्या खोऱ्यात जमिनीखाली फार जुन्या भेगा आहेत, त्या आधीच ताणलेल्या आहेत, जलाशयाचे पाणी वर्षानुवर्षे त्यांच्यात झिरपते आणि एकमेकांवर घट्ट दाबून बसलेल्या खडकांची पकड त्या पाण्याच्या दाबाने सैल होते, असे मी तिला तिच्या भाषेत सांगितले. त्यावर थोरल्याने विचारले, "मग धरणातलं पाणी सोडून का देत नाहीत?" पिण्याचे पाणी, शेती, वीज अशी कारणे मी सांगितली खरी, पण प्रश्न चुकीचा नव्हता. थोडे पाणी कमी-जास्त केल्याने भूकंपांवर काय परिणाम होतो, हे मोठमोठे शास्त्रज्ञ अभ्यासत आले आहेत. याच अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी आहे आणि कोयनेच्या परिसरात जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून आतले खडक तपासले गेले आहेत, हे ऐकल्यावर त्याचे डोळे चमकले. रंकाळा म्हणजे मुळात दगडाची खाण होती आणि भूकंपाने ती खचून तिथे पाणी भरले, अशी जुनी समजूतही मी जोडीला सांगितली. तेव्हापासून रंकाळ्यावर भेळ खायला गेलो, की धाकटी तळ्यात वाकून खाण शोधते.

इमारती का पडतात, हे सुपात दाखवता येते. सहा रिकाम्या काड्यापेट्या एकावर एक रचून सुपात ठेवल्या आणि धान्य पाखडताना हलवतो तसे सूप बेताने आडवे हलवले, की मनोरा तिसऱ्या हेलकाव्याला कोसळतो. त्याच काड्यापेट्यांना उभे-आडवे रबरबँड घालून पुन्हा तेवढेच हलवले, तर मनोरा डुलतो पण एकसंध राहतो. घराच्या भिंतींना दारा-खिडक्यांच्या वरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा का घालतात, हे समजावायला इंजिनीअरला यापेक्षा जास्त काही लागू नये. किल्लारीच्या घरांना असा पट्टा नव्हता. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांच्यावर मातीच्या थरांचे जड माळवद, अशी ती घरे होती आणि मध्यम ताकदीच्या भूकंपाने तिथे हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली. थोरल्याने पुढचा प्रयोग स्वतःच केला. त्याने खालच्या काड्यापेटीऐवजी चार काड्या उभ्या करून त्यांच्यावर मनोरा ठेवला. तो हात लावण्याआधीच कलला. "हे आपलं पार्किंग," तो म्हणाला. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर नुसते खांब आहेत आणि भिंती नाहीत, हे त्याच्या लक्षात आलेले पाहून मला आनंद व्हावा की काळजी वाटावी, ते कळेना. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी त्या खांबांची तपासणी करून घेण्याचा विषय मांडला. तो अजून 'पुढील बैठकीत घेणे' या शेऱ्यावर आहे.

मग प्रत्यक्ष कृती. तिचे तीन शब्द आम्ही घरापुरते ठरवले : बस, लप, धर. गुडघ्यांवर खाली बसायचे, म्हणजे हादऱ्याने आपटून पडायला होत नाही. मजबूत टेबलाखाली शिरून डोके आणि मान लपवायची. आणि टेबलाचा पाय हाताने घट्ट धरायचा, कारण टेबल जागेवर राहत नाही, ते सरकत जाते आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही सरकावे लागते. हा तिसरा शब्द मुले हमखास विसरतात. धाकटी पहिल्यांदा टेबलाखाली गेली ती दोन्ही हातांनी डोळे झाकून, पाठ वर काढून आणि दोन्ही पाऊले टेबलाच्या बाहेर ठेवून. मी टेबल एका बाजूने हळूच दोन वीत ओढले, तर ती उघड्यावर. तिने वर पाहिले, टेबल पाहिले आणि काही न बोलता रांगत पुन्हा त्याच्याखाली जाऊन पायाला मिठी मारली. त्यानंतर तिला 'धर' सांगावे लागलेले नाही. थांबायचे किती, याला आम्ही साठ अंक मोजण्याचे माप ठेवले, कारण मुलाला "हादरे थांबेपर्यंत" म्हणजे किती, हे कळत नाही आणि मोजायला लागले की घाबरायला सवड राहत नाही. साठ झाल्यावरही जमीन हलत असेल, तर पुन्हा एकपासून.

इथे माझी एक चूक झाली. सरावाची खूण म्हणून मी परातीवर लाटणे वाजवत असे. आठवडाभराने एकदा स्वयंपाकघरात मांडणीवरचे डबे धडाधड खाली आले, तेव्हा धाकटी जागची हलली नाही. "परात कुठं वाजली?" असे तिचे म्हणणे. शाळेची घंटा मी घरात आणून ठेवली होती आणि खरा भूकंप घंटा देत नाही. परात बंद केली आणि खूण जमिनीचीच ठेवली. भूकंपाच्या दोन लाटा येतात. पहिली वेगवान आणि हलकी असते. तिने भांडी किणकिणतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात, टांगलेला दिवा हलतो. दुसरी सावकाश येते आणि खरे नुकसान तीच करते. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो, तसेच हे आहे. कोयनेला मोठा भूकंप झाला, तर कोल्हापूरपर्यंतच्या अंतरात या दोन लाटांमध्ये दहा-अकरा सेकंदांचे अंतर पडेल, वारणेला झाला तर त्याहून थोडे कमी. टेबलाखाली शिरायला धाकटीला तीन सेकंद पुरतात. म्हणून आता शिकवण अशी आहे, की भांडी वाजली किंवा लाद्या थरथरल्या, की कोणी सांगण्याची, कोणाला विचारण्याची वाट पाहायची नाही. ट्रक गेल्याने भांडी वाजली असतील, तर फार तर सगळे हसतील. अलीकडे मोबाइलवरही अशी सूचना येऊ शकते, पण पहिलीतल्या मुलीच्या हातात मोबाइल देऊन ठेवायचा नसल्याने मी तिचा भरवसा धरलेला नाही.

टेबल नसेल तिथे काय, हा प्रश्न उरतोच. आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकी आणि कपाटापासून दूर, गुडघ्यांत डोके घालून आणि मानेवर हातांची ओंजळ उलटी ठेवून बसायचे. दाराच्या चौकटीत उभे राहण्याचा जुना सल्ला आता देऊ नये. आजच्या घरांतली चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते आणि झोके खाणारे दार मुलाची बोटे चिरडते. वर्गात बाकाखाली जागा कमी असते, पण डोके आणि मान मावते आणि तेवढे मावले तरी पुष्कळ. बाहेर पडताना दप्तर डोक्यावर धरायचे. जपानमध्ये मुलांच्या खुर्चीवरची गादीच डोक्याचे टोपडे होते, आपल्याकडे दप्तर आहे आणि ते नको इतके जाड आहे. केएमटीच्या शहर बसमध्ये असाल, तर बसूनच राहायचे आणि पुढच्या सीटचा दांडा धरून डोके खाली घालायचे. रस्त्यावर असाल, तर भिंती, विजेच्या तारा आणि फलक यांच्यापासून दूर मोकळ्या जागी. यांतल्या शेवटच्या सूचनेपाशी मी मुद्दाम थांबले, कारण आमची मुले पेठेतल्या गल्ल्यांतून फिरतात. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा अंजार गावात प्रजासत्ताक दिनाची मुलांची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्या गल्लीत कोसळली आणि १८५ विद्यार्थी व २० शिक्षक त्यांच्याखाली सापडले. गल्ली म्हणजे मोकळी जागा नव्हे, हे मी थोरल्याला यावरूनच सांगितले. धाकटीला एवढेच सांगितले, की गल्लीत असशील तर घराच्या भिंतीला चिकटायचे नाही आणि जमीन थांबली की चौकाकडे चालायचे.

रात्रीचा सराव मात्र सगळ्यांत शेवटी घेतला आणि त्यात आमची लाज निघाली. नियम सोपा होता. अंथरुणात असाल तर अंथरुणातच राहायचे, पालथे व्हायचे, उशी डोक्यावर आणि मानेवर ओढून घट्ट धरायची आणि मोजायचे. अंधारात उठून चालू लागणाऱ्याला फुटलेल्या काचा दिसत नाहीत. मुलांना कोणत्या रात्री ते सांगितले नव्हते. ठरल्याप्रमाणे पहाटे साडेचारचा गजर लागला, मी मुलांच्या खोलीतला पलंग दोन्ही हातांनी धरून जोराने हलवला आणि "हादरा!" असे म्हटले. थोरला पालथा झाला. धाकटीने उशीऐवजी आपला कापडी हत्ती डोक्यावर घेतला, पण पालथी झाली आणि झोपाळलेल्या आवाजात मोजू लागली. या सरावाची कल्पना असलेला त्यांचा बाबा मात्र शेजारच्या खोलीत झोपेतून खडबडून उठला आणि मुलांकडे धावला. त्याचा गुडघा पलंगाच्या कोपऱ्यावर, खांदा दारावर आणि पाय माझ्या पायावर आपटला. दिवा लावला, तेव्हा आम्ही दोघे जमिनीवर होतो आणि मुले उशीखालून आमच्याकडे पाहत होती. "बाबा, तू उठलास," धाकटी म्हणाली. "उठायचं नसतं."

सूज उतरायला चार दिवस लागले. या चार दिवसांत आम्हा दोघांचे जे बोलणे झाले, त्यात या साऱ्या खटाटोपातला खरा अवघड भाग हाती आला. मूल हादऱ्यांना घाबरते त्याहून जास्त आपल्या धावण्याला आणि ओरडण्याला घाबरते. ते आपल्याकडे पाहून ठरवते, की काय करायचे. आपण धावलो, तर शिकवलेले सगळे सोडून तेही आपल्याकडे धावत येणार आणि मधल्या बोळात, जिथे काचेचे कपाट आहे, तिथे आपली गाठ पडणार. शेजारच्या खोलीत मूल असताना स्वतःच्या अंथरुणात साठ अंक मोजत पडून राहणे हे आईबापाला जवळजवळ अशक्य वाटते, हे मी मान्य करते. त्याला उपाय एकच सापडला : मोठ्याने मोजायचे. आता सरावात आम्ही दोघे आमच्या खोलीतून आणि मुले त्यांच्या खोलीतून एकाच लयीत मोजतात. भिंतीपलीकडून आकडे ऐकू येत असले, की पाय आपोआप जमिनीवर जात नाहीत. मुलांना आमचे आकडे ऐकू येतात, ही दुसरी बाजू मला धाकटीने सांगितल्यावर कळली.

बाकीची तयारी किरकोळ, पण ती करावी लागते. पलंगाच्या वरच्या भिंतीवरचा काचेचा मोठा फोटो काढून समोरच्या भिंतीवर गेला. लोखंडी कपाट आणि पुस्तकांची मांडणी सुताराने एल अँगल आणि फिशर घालून भिंतीला पक्की केली. माळ्यावरचा जड मिक्सर आणि लोणच्याच्या बरण्या खाली आल्या. प्रत्येक पलंगाखाली एक बंद पायताण आणि टॉर्च ठेवली. मुलांना शिट्ट्याही दिल्या आणि त्याबद्दल पुढचे दोन दिवस खालच्या मजल्यावरच्या काकूंची माफी मागत होते. शिट्टी कशासाठी, हे थोरल्याला खरे सांगितले, की ढिगाऱ्यात अडकले तर ओरडून दम घालवायचा नाही, नाकातोंडाशी कापड धरायचे आणि शिट्टी वाजवायची किंवा पाइपावर ठोकत राहायचे. धाकटीला मात्र "आम्हाला तू सापडावीस म्हणून" एवढेच सांगितले. सहा वर्षांच्या मुलीला त्याहून जास्त सांगण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. थांबल्यावर काय करायचे, तेही ठरले आहे : पायताण घालायचे, लिफ्टला हात लावायचा नाही, काडी ओढायची नाही, गॅसचे रेग्युलेटर मोठ्यांनीच बंद करायचे, जिन्याने उतरायचे आणि सोसायटीसमोरच्या मैदानात कडुलिंबाखाली थांबायचे. विसरलेली वस्तू आणायला परत वर जायचे नाही, मग तो हत्ती का असेना, कारण मागून आणखी धक्के येतात. दुपारी थोरला शाळेतून येतो, तेव्हा घरात दोन तास कोणी नसते. त्याच्यासाठी ११२ हा क्रमांक आणि पुण्यातल्या मामाचा क्रमांक पाठ करून घेतला. आजच्या मुलांना फोनमधला फोटो दाबता येतो, पण क्रमांक येत नाही. गावातले फोन लागेनासे झाले, तरी पुण्याला संदेश जाऊ शकतो आणि मामा सगळ्यांना सांगू शकतो.

एवढे झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मुले आज्जीकडे शिवाजी पेठेत गेली आणि पहिल्याच संध्याकाळी आज्जीच्या घरात टेबल शोधू लागली. टेबल नव्हतेच. जुने कौलारू घर, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी माळा. सासूबाई १९६७ साली नऊ वर्षांच्या होत्या. मंगळवार पेठेतल्या माहेरच्या घरात फडताळातली भांडी वाजली आणि त्या जाग्या झाल्या, तोवर त्यांच्या वडिलांनी दोन्ही मुलींना काखोटीला मारून बाहेर धाव घेतली होती. गल्लीत कौले पडत होती, त्यांतले एक वडिलांच्या खांद्याला लागले. पुढच्या कितीतरी रात्री आळीतली माणसे थंडीत उघड्यावर झोपली. "बापानं बाहेर काढलं म्हणून वाचलो आणि तू पोरांस्नी आत बसायला शिकवतीस," असे त्या मला म्हणाल्या. मी वाद घातला नाही, कारण त्या घरापुरते त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नाही. टेबलाखाली बसणे हे इमारत उभी राहील, या विश्वासावर आधारलेले आहे. मातीच्या जड भिंतींच्या आणि जड छपराच्या घरात तो विश्वास धरता येत नाही. तळमजल्यावर, दाराशी असू आणि बाहेर चार पावलांवर मोकळे अंगण असेल, तर अशा घरातून पहिल्या थरथरीला बाहेर पडणे हेच शहाणपणाचे ठरते. दार दूर असेल, तर मात्र पलंगाच्या कडेला खाली बसून डोके झाकायचे. एका घरात एक नियम आणि दुसऱ्या घरात दुसरा, हे मुलांना गोंधळात टाकील, अशी मला भीती होती. थोरल्याने ते सुपावरून लगेच ओळखले. "हिथं रबरबँड नाही," तो म्हणाला.

मग दोघांनी मिळून आज्जीच्या घराची पाहणी केली. परसदारी जाणारे दार पलंगापासून सात पावलांवर निघाले, पण त्याची कडी गंजलेली होती. ती दुसऱ्या दिवशी तेल घालून मोकळी केली. घर सोडून जमायची जागा गांधी मैदान ठरली, पावसाळ्यात तिथे तळे साठते, हे माहीत असूनही. पलंगाच्या नेमके वर माळ्यावर तांब्याचे दोन हंडे होते, सासूबाईंच्या लग्नातले, आणि ते चाळीस वर्षांत जागचे हललेले नव्हते. ते खाली घ्यायला त्या तयार होईनात. शेवटी धाकटी पलंगावर त्यांच्या जागी पालथी झोपली, उशी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "आज्जी, आता तू वर बघ." हंडे त्याच दुपारी जिन्याखाली गेले.

पायताणावरून मात्र शेवटपर्यंत जुळेना. ज्या घरात देव्हारा आहे, तिथे पलंगाखाली चप्पल ठेवायची, ही गोष्ट सासूबाईंच्या गळी उतरणे शक्य नव्हते आणि ते योग्यही नव्हते. धाकटी रुसून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना आणायला गेले, तेव्हा पलंगाच्या पायाला जुन्या परकराच्या कापडाची एक पिशवी बांधलेली दिसली. आत कोरी करकरीत कापडी पायताणे होती, अजून रस्त्यावर न गेलेली, आणि त्यांच्यासोबत टॉर्च व धाकटीची शिट्टी.